बूटलोडरमध्ये मेमरीचा इराटा कसा हाताळायचा: आधी वळसा, मग मेमरी

लॉगच्या फाइलमध्ये आठ बाइट जुने राहिले होते. फक्त आठ, आणि तेही आठने नेमका भाग जाणाऱ्या पत्त्यावर. आजूबाजूचं सगळं ताजं. बोर्ड चार कोअरचा, त्यावर एक छोटी आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम), आणि रात्रभर झोपायचं-उठायचं अशी चाचणी लावलेली. दिवसा कितीही ताण द्या, काही बिघडायचं नाही. सकाळी येऊन बघावं तर कुठेतरी चेकसम चुकलेला. तीन दिवस मी फाइलसिस्टिमला शिव्या दिल्या, चौथ्या दिवशी फ्लॅशच्या ड्रायव्हरला. शेवटी त्या आठच्या आकड्यानेच डोळे उघडले. त्या कोअरच्या स्टोअर बफरचा, म्हणजे मेमरीत जायच्या लेखनांच्या तात्पुरत्या रांगेचा, एक कप्पा ६४ बिटांचा असतो, म्हणजे आठ बाइटांचा. इराटा शीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहीत असलेल्या दोषांच्या यादीत, स्टोअर बफरची खोट नोंदलेली होती. तिच्यावरचा वळसा आमच्या बूटलोडरमध्ये, म्हणजे चिप सुरू होताच आधी चालणाऱ्या कोडमध्ये, होता. तो मीच लिहिला होता. फक्त तो कोल्ड बूटच्या (वीज नव्याने देऊन सुरू होण्याच्या) वाटेवर होता. झोपेतून उठणारा कोअर दुसऱ्याच दारातून आत यायचा आणि त्या दारावर मी काहीच लावलं नव्हतं.

वर्कअराउंडला मी वळसा म्हणते, कारण खोट चिपमध्ये तशीच राहते, आपण फक्त तिला टाळून जातो. आणि कोणता बिट लावायचा हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, तो शीटमध्ये छापलेला असतो. अवघड भाग असा की खोट उघडी पडू शकेल त्या पहिल्या क्षणाच्या आधी तो बिट लागलाय का, आणि तिथे पोचणाऱ्या प्रत्येक वाटेवर लागलाय का. पुढे जे सांगते आहे ते बहुतेक या एकाच प्रश्नाभोवती फिरतं.

शीट वाचायची कशी

पहिली गोष्ट, शीट एक नसते. चिप बनवणाऱ्याची एक असते, आणि आतला कोअर आर्म या कंपनीच्या रचनेचा असेल तर आर्मची वेगळी असते. चिपवाले आपल्या शीटमध्ये आर्मचे दोष कधी पूर्ण उतरवतात, कधी नुसता क्रमांक देऊन मोकळे होतात. दोन्ही उघडी ठेवूनच बसायचं.

आर्म आपल्या दोषांना ए, बी, सी असे वर्ग देतं. ए म्हणजे गंभीर, ज्याला वळसा नाही किंवा असला तरी परवडणारा नाही. बी म्हणजे मोठा, पण वळसा आहे. सी म्हणजे किरकोळ. एसटी या चिप कंपनीच्या शीटमधली अक्षरं मात्र वेगळंच सांगतात: तिथे ए म्हणजे वळसा उपलब्ध, एन म्हणजे नाही, पी म्हणजे अर्धामुर्धा. एकीकडचा ए सगळ्यात वाईट आणि दुसरीकडचा ए सगळ्यात बरा. नव्या माणसाची इथे हमखास फसगत होते. माझीही झाली होती.

मग प्रत्येक मेमरीसंबंधी नोंदीसाठी मी माझ्या वहीत एक ओळ लिहिते. क्रमांक, कोणत्या रिव्हिजनपासून कोणत्या रिव्हिजनपर्यंत, कोणत्या परिस्थितीत उघडी पडते, आणि शेवटचा रकाना माझा स्वतःचा: आपल्या कोडमध्ये ती परिस्थिती सर्वांत आधी कुठे येऊ शकते. तो रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पण वळसा कुठे बसवायचा हे तोच सांगतो, शीट सांगत नाही.

उदाहरण घेऊ. कॉर्टेक्स-ए९ चा ७४२२३० हा दोष आर१पी० ते आर२पी२ या रिव्हिजनांत आहे (आर हा मोठ्या बदलाचा आकडा, पी हा छोट्या). दोन लेखनांच्या मधे डीएमबी (मेमरीच्या व्यवहारांचा क्रम राखणारी सूचना) टाकला तरी क्वचित प्रसंगी त्या दोन लेखनांचा क्रम दुसऱ्याला उलटा दिसू शकतो. वळसा असा: कोअरच्या डायग्नोस्टिक रजिस्टरमधला ४ क्रमांकाचा बिट लावायचा, की डीएमबी डीएसबीसारखा (आधीचे व्यवहार पुरे होईपर्यंत थांबवणाऱ्या सूचनेसारखा) वागू लागतो. आता शेवटचा रकाना. एकच कोअर चालू असेल तर क्रम बघणारा दुसरा कोण? डीएमए, म्हणजे सीपीयूला वगळून मेमरी वाचणारा-लिहिणारा भाग, किंवा दुसरा कोअर. म्हणजे पहिला डीएमए सुरू होण्याआधी आणि दुसरा कोअर उठवण्याआधी बिट लागायला हवा. पण ७४३६२२ बघा, आर२ च्या सगळ्या रिव्हिजनांतला. त्यात स्टोअर बफरमधल्या एका चुकीच्या सोयीमुळे डेटाच बिघडू शकतो, आणि वळसा म्हणजे ६ क्रमांकाचा बिट लावून ती सोय बंद करणं. इथे दुसरा कोअर येईपर्यंत थांबायची गरज नाही, कोणतंही लेखन पुरे. मग हा बिट स्टॅकवर पहिला शब्द टाकण्याच्याही आधी लागलेला बरा.

चिप नक्की कोणती, ते विचारा

बोर्डवर छापलेल्या अक्षरांवर किंवा खरेदीच्या कागदावर विसंबू नका. कोअरला विचारा. आर्मच्या ए मालिकेत मेन आयडी रजिस्टर असतं. त्याचे वरचे आठ बिट बनवणाऱ्याचे, आर्मसाठी हेक्स ४१. बिट २३ ते २० म्हणजे रिव्हिजनमधला ‘आर’ चा आकडा, बिट १५ ते ४ म्हणजे कोअरचा प्रकार, आणि शेवटचे चार म्हणजे ‘पी’ चा आकडा. हेक्स ४१२एफसी०९२ दिसलं की सी०९ म्हणजे कॉर्टेक्स-ए९, आणि रिव्हिजन आर२पी२. डी०३ दिसलं तर कॉर्टेक्स-ए५३.

एवढ्याने भागत नाही. कधी रिव्हिजनचा आकडा न बदलताच सिलिकॉनमध्ये दुरुस्ती झालेली असते. कॉर्टेक्स-ए५३ चा ८४३४१९ हा दोष आर०पी४ पर्यंत आहे, पण काही आर०पी४ चिपांत तो दुरुस्त झालेला आहे. ते कळतं दुसऱ्याच एका रिव्हिजन आयडी रजिस्टरच्या ८ क्रमांकाच्या बिटावरून. आणि चिपची रिव्हिजन वेगळी, आतल्या कोअरची वेगळी. मेमरी कंट्रोलरचा दोष चिपच्या रिव्हिजनला बांधलेला असतो, स्टोअर बफरचा कोअरच्या. दोन्ही वाचा, आणि दोन वेगळ्या नावांच्या चलांत ठेवा. ‘रिव्ह’ असं एकच नाव दिलेलं चल मी रिव्ह्यूत पास करत नाही.

आयडी सांगणाऱ्या रजिस्टरलाच खोट असते हेही ध्यानात ठेवा. एसटीएम३२एफ४०५ आणि ४०७ च्या रिव्हिजन ए मध्ये डिव्हाइस आयडी एफ२ मालिकेचाच येतो. त्याच रिव्हिजनवर फ्लॅशचा प्रीफेच (पुढचं आधीच वाचून ठेवण्याची सोय) वापरायचा नसतो. म्हणून एसटीच्या नमुना कोडमध्ये रिव्हिजन आयडी हेक्स १००१ आहे ना हे बघूनच प्रीफेच चालू केलेला दिसतो.

अनोळखी रिव्हिजन आली तर काय? माझं मत असं: आपल्या यादीतल्या सगळ्यात नव्या रिव्हिजनपेक्षाही नवी असेल, तर वळसा आपोआप लावू नका. थांबून मोठ्याने ओरडा, म्हणजे सीरियलवर ठळक ओळ छापा. नव्या सिलिकॉनमध्ये तोच बिट राखीव असू शकतो किंवा त्याचा अर्थच बदललेला असू शकतो. जुनी आणि यादीत नसलेली असेल तर मात्र लावा. काही जण उलटं करतात, ‘लावून टाकू, जातंय काय’ म्हणतात. जातं ते नंतर कळतं.

पहिलं वाचन होण्याआधी

आता मुख्य मुद्दा. एसटीएम३२एच७४३ च्या रिव्हिजन वाय मध्ये एएक्सआय एसरॅममधून, म्हणजे एएक्सआय बसवरच्या चिपमधल्या मेमरीतून, वाचलेला डेटा बिघडू शकतो. एकापाठोपाठ वाचनं चालू असताना मास्टरने (वाचन मागणाऱ्या भागाने) आधीचा डेटा उचलायला उशीर केला आणि तेवढ्यात नवी मागणी आली, तर गडबड होते. वळसा एका ओळीचा आहे: हेक्स ५१००८१०८ या पत्त्यावर १ लिहायचा. त्याने त्या एसरॅमकडे एका वेळी एकच वाचन जातं. एसटीच्याच सिस्टिमइनिट फंक्शनमध्ये ही ओळ आहे. आधी आयडी कोडचे वरचे १६ बिट हेक्स २००० पेक्षा कमी आहेत का ते बघितलं जातं (रिव्हिजन वाय म्हणजे १००३, रिव्हिजन व्ही म्हणजे २००३) आणि मगच लिहिलं जातं.

ही ओळ स्वतःच्या बूटलोडरमध्ये आणताना बरेच जण ती मेनच्या सुरुवातीला टाकतात, कारण तिथे सी भाषा आरामात चालते. पण मेनच्या आधी काय काय झालेलं असतं? रीसेट हँडलरने स्टॅक पॉइंटर लावलेला असतो, सुरुवातीच्या किमती फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवलेल्या असतात, बीएसएस (सुरुवातीची किंमत न दिलेल्या चलांची जागा) शून्य केलेलं असतं. सी++ असेल तर कन्स्ट्रक्टरही चालून गेलेले असतात. स्टॅक एएक्सआय एसरॅममध्ये असेल तर प्रत्येक पॉप हे वाचनच आहे. एकटा सीपीयू इतक्या लवकर खोट उघडी पाडेल असं नाही. पण ‘बहुतेक नाही पाडणार’ या आधारावर बूटलोडर लिहायचा नसतो. शिवाय आधीच्या टप्प्याने डीएमए चालू ठेवून आपल्याकडे उडी मारली असेल, तर मग एकटा सीपीयू कसला?

म्हणून स्टार्टअपची असेंब्ली फाइल उघडा आणि क्रम डोळ्यांनी बघा. सिस्टिमइनिट आधी आणि डेटाची नक्कल नंतर, आणि नेमकं उलटं, असे दोन्ही प्रकार सापडतात. उलटं असेल तर क्रम बदला. आणि सुरुवातीचा स्टॅक डीटीसीएममध्ये (कोअरला थेट जोडलेल्या मेमरीत) ठेवा, ती मेमरी एएक्सआयच्या वाटेवर नाहीच. हा बदल लिंकर स्क्रिप्टच्या एका ओळीत होतो आणि त्याने प्रश्न मुळातूनच सुटतो. दोषाला वळसा घालण्यापेक्षा त्या रस्त्याने न जाणं केव्हाही चांगलं.

यू-बूट या मुक्त बूटलोडरमध्ये ए९ चे बिट लागतात ते स्टार्टच्या असेंब्ली फाइलमध्ये, सीपी१५ (कोअरची नियंत्रण रजिस्टरं) सज्ज करणाऱ्या भागात, स्टॅक अजून तयार नसताना. तिथे काम करायचं तर परत जायचा पत्ताही रजिस्टरमध्येच जपावा लागतो. असा कोड लिहिताना तीन गोष्टी मी सवयीने करते. सगळं असेंब्लीत लिहिते, कारण सी कंपायलर स्टॅक कधी वापरेल याची हमी कोणी देत नाही. ग्लोबल चलाला हात लावत नाही, कारण कोड अजून फ्लॅशमधून चालत असेल तर ते चल लिहिता येण्याजोगं नसतं, किंवा थोड्या वेळाने बीएसएस पुसताना शून्य होतं. ‘वळसा लावला’ असा झेंडा बीएसएसमध्ये ठेवून, तो पुसला गेल्यावर तासभर डोकं खाजवणारी मी एकटी नसेन. तिसरं म्हणजे एमएमयू (पत्त्यांचं भाषांतर करणारा भाग) बंद असताना ए मालिकेत डेटाचे सगळे व्यवहार कडक क्रमाचे किंवा डिव्हाइस प्रकारचे धरले जातात, आणि वाकड्या (शब्दाच्या सीमेवर न बसणाऱ्या) पत्त्यावरचं वाचन थेट फॉल्ट देतं. कंपायलरला तसं वाचन करू नको असं झेंडा देऊन सांगावं लागतं, नाहीतर इराटाच्या नावाने दुसऱ्याच भुताच्या मागे धावाल.

रजिस्टरवर लिहिताना

वाचा, आपला बिट ओआर करा, परत लिहा. अख्खा शब्द लिहू नका. बूट रॉमने किंवा आधीच्या टप्प्याने त्याच रजिस्टरमध्ये काही लावून ठेवलेलं असू शकतं. लिहून झाल्यावर आयएसबी (पुढच्या सूचना नव्याने घ्यायला लावणारी सूचना), आणि वळसा मेमरीच्या व्यवहाराशी संबंधित असेल तर आधी डीएसबीही. मग तेच रजिस्टर परत वाचून बिट खरंच बसला का ते बघा.

एकच बिट दोन दोषांचा असू शकतो. ए९ मध्ये ४ क्रमांकाचा बिट ७४२२३० साठी आहे आणि ७९४०७२ साठीही, म्हणून यू-बूटमध्ये त्या दोघांची अट एकत्र लिहिलेली आहे. कोडची मांडणी बिटांप्रमाणे न करता दोषांच्या क्रमांकांप्रमाणे करा, म्हणजे उद्या कोणी ‘७४२२३० आपल्या रिव्हिजनला लागू नाही’ म्हणून ओळ काढली तर ७९४०७२ उघडा पडणार नाही.

‘हे कर्नलमध्ये का नाही करायचं?’ असं एकदा आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने विचारलं. रास्त प्रश्न आहे. कर्नल नॉन-सिक्युअर (कमी अधिकारांच्या) बाजूला चालत असेल तर ही रजिस्टरं त्याला लिहिता येतीलच असं नाही. म्हणूनच अनेक प्लॅटफॉर्मवर चालणाऱ्या एकाच ३२ बिटी लिनक्स कर्नलमध्ये ए९ चे हे पर्याय निवडताच येत नाहीत. ते बूटलोडरनेच करावं असं अपेक्षित आहे. शिवाय कर्नल येईपर्यंत त्याची प्रतिमा मेमरीत उतरलेली असते. ती उतरवतानाच आठ बाइट जुने राहिले, तर कर्नल काय करणार?

डीडीआर कंट्रोलरचे दोष

डीडीआर म्हणजे चिपबाहेरची मुख्य मेमरी. तिच्या कंट्रोलरचं प्रकरण वेगळं असतं. इथे वळसा अनेकदा कंसासारखा असतो, उघडायचा आणि बंदही करायचा. एनएक्सपीच्या लेयरस्केप चिपमालिकेतला ए-००९६६३ घ्या. त्यात डीडीआर सज्ज करताना इंटरव्हल रजिस्टरमधलं बीएसटीओपीआरई हे क्षेत्र, म्हणजे पान किती वेळ उघडं ठेवायचं तो आकडा, तात्पुरता शून्य ठेवायचा असतो. सज्जता पूर्ण झाली की खरी किंमत परत लिहायची. यू-बूटमध्ये या दोन्ही ओळी एकाच फंक्शनमध्ये आहेत, पण मधे बरंच अंतर आहे. कोणी मधला भाग तोडून नव्या फंक्शनमध्ये नेला आणि दुसरी ओळ विसरला, तर काहीच कोसळत नाही. मेमरी नुसती संथ होते, आणि ती संथ का आहे हे महिनोन्‌महिने कोणाला कळत नाही. अशा जोड्यांसाठी मी दोन्ही ओळींवर एकाच क्रमांकाची टीप टाकते आणि पहिल्या टिपेत लिहिते, ‘जोडीदार खाली आहे’.

क्रम इथेही तसाच महत्त्वाचा. कंट्रोलर चालू करायचा बिट ही लक्ष्मणरेषा. काही वळसे तिच्या अलीकडे लागतात, काही पलीकडे, आणि ट्रेनिंगनंतर (कंट्रोलरने मेमरीशी वेळ जुळवून घेतल्यानंतर) लावायचा वळसा आधी लावला तर ट्रेनिंग त्याच्यावरून नांगर फिरवतं. शीटमधलं वाक्य अक्षरशः वाचा: ‘कंट्रोलर चालू करण्यापूर्वी’ आणि ‘सज्जता पूर्ण होण्यापूर्वी’ हे दोन वेगळे क्षण आहेत.

एक सांगून ठेवते. डीडीआरचा त्रास इराटामुळे आहे असं ज्या ज्या वेळी मला छातीठोकपणे सांगितलं गेलं, त्यातल्या बऱ्याच वेळा शेवटी टायमिंगचा आकडा चुकलेला निघाला, किंवा बोर्डवरच्या तारांची लांबी. शीटमधली अट आपल्या बोर्डवर खरोखर पुरी होते का हे आधी तपासा. दोष सापडल्याचा आनंद माणसाला आंधळा करतो.

जिथे बिट नसतो, सूचनाच बदलावी लागते

ए५३ चा ८४३४१९ याच जातीचा. ४ किलोबाइटांच्या पानाच्या शेवटच्या दोन जागांपैकी एकीवर, म्हणजे पत्त्याच्या शेवटी एफएफ८ किंवा एफएफसी असताना, एडीआरपी (पानाचा पत्ता काढणारी) सूचना आली आणि तिच्यापाठोपाठ लोड-स्टोअरचा विशिष्ट क्रम आला, तर चुकीच्या पत्त्यावर व्यवहार होऊ शकतो. वळसा लिंकर (कोडचे तुकडे जोडणारं साधन) घालतो. तो असे क्रम शोधून ते लोड-स्टोअर बाजूच्या व्हेनिअरमध्ये (छोट्या जोडतुकड्यात) हलवतो, किंवा जमत असेल तर एडीआरपीच्या जागी एडीआर करतो.

जीसीसी या कंपायलरला झेंडा दिला की झालं असं वाटतं. पण बरेच बूटलोडर लिंकरला थेट बोलावतात, जीसीसीमार्फत नाही. मग जीसीसीला दिलेला झेंडा लिंकरपर्यंत पोचतच नाही. बिल्ड सुरळीत होतं, इशारा येत नाही, आणि वळसा नसतो. लिंकरची खरी कमांड छापून बघा, तीत ‘फिक्स-कॉर्टेक्स-ए५३-८४३४१९’ दिसलं पाहिजे. मग डिसअसेंब्ली काढून एफएफ८ आणि एफएफसी वर संपणाऱ्या ओळींत एडीआरपी शोधा. जी सापडेल तिच्यापुढे काय आहे ते वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बिल्डमध्ये स्क्रिप्ट म्हणून टाकलंत तर तेवढंही नाही.

बूटलोडर स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवत असेल, यू-बूट हलवतो, तर हलवण्याचं अंतर ४ किलोबाइटांच्या पटीतच असायला हवं. एडीआरपीचं गणित पानांवर चालतं म्हणून ते तसंही लागतंच. पण लिंकरने पानाच्या जागा बघून केलेली दुरुस्तीही त्याच अटीवर टिकून असते.

कॉर्टेक्स-एम३ चा ६०२११७ त्याच घरातला: एलडीआरडी (दोन शब्द एकदम वाचणाऱ्या) सूचनेच्या यादीत बेस रजिस्टर असेल आणि मधेच इंटरप्ट आला, तर बेस बिघडू शकतं. जीसीसीला सीपीयूचं नाव कॉर्टेक्स-एम३ असं दिलं की हा वळसा आपोआप चालू होतो. नुसतं आर्किटेक्चरचं नाव देऊन बिल्ड करत असाल तर झेंडा हाताने द्या. हाताने लिहिलेल्या असेंब्लीला अर्थातच यातलं काहीही लागू होत नाही, ती स्वतःच वाचावी लागते.

आणि कॉर्टेक्स-एम७ मध्ये १२५९८६४ आहे, राइट-थ्रू कॅशे (लिहिलेलं लगेच मेमरीतही पाठवणारा) असताना डेटा बिघडण्याचा. इथे बूटलोडर एमपीयूचे (मेमरीच्या भागांना नियम लावणाऱ्या भागाचे) गुणधर्म ठरवतो, तेव्हा राइट-थ्रू वापरायचंच नाही: राइट-बॅक ठेवा किंवा कॅशेच नको. फ्रेमबफरसाठी राइट-थ्रू सोयीचं वाटतं, तेवढा मोह टाळा.

किती दारं आहेत ते मोजा

माझ्या आठ बाइटांकडे परत येते. दुरुस्ती एका ओळीची होती, वळशाचं फंक्शन रिझ्यूमच्या प्रवेशाजवळही बोलावणं. वेळ गेला तो आणखी कुठे कुठे ते राहिलंय हे शोधण्यात. कोअरची वीज तोडली की डायग्नोस्टिक रजिस्टर विसरतं. म्हणून लिनक्सही ए९ झोपवताना ते रजिस्टर बाजूला जपून ठेवतं.

कागदावर दारं लिहून काढा. कोल्ड बूट. वॉर्म रीसेट, ज्यात कोअर नवा असतो पण डीडीआर कंट्रोलर कधी जुन्याच अवस्थेत असतो. दुसरा, तिसरा, चौथा कोअर, जे बहुतेक वेळा वेगळ्याच लेबलवर जागे होतात. स्लीपमधून रिझ्यूम. यूएसबीवरून रिकव्हरी बूट. आणि जेटॅगने (डीबगच्या जोडणीने) थेट रॅममध्ये उतरवलेला कोड, जो पहिला टप्पा वगळून चालतो. त्या वाटेवर मिळालेल्या निकालांवर विश्वास ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. प्रत्येक दारावरून वळशाच्या फंक्शनपर्यंत बोटाने रेघ ओढता आली पाहिजे. न ओढता आली तर तिथेच थांबा.

लागलाय हे सिद्ध कसं करायचं

ट्रस्टेड फर्मवेअर या आर्म चिपांसाठीच्या मुक्त फर्मवेअरची एक पद्धत मला फार आवडते. प्रत्येक दोषासाठी बूटच्या वेळी तो एक ओळ छापतो: या कोअरसाठी या क्रमांकाचा वळसा लावला, किंवा लागू होता पण राहिला. दुसऱ्या प्रकारची ओळ इशारा म्हणून येते. स्वतःच्या बूटलोडरमध्येही हेच करा. मात्र कोडने ‘मी लावला’ असं म्हणणं पुरेसं नाही. रजिस्टर परत वाचून ठरवा, आणि कोअरचा क्रमांकही छापा.

मेमरीची चाचणी करताना चाचणीचा कोड आणि त्याचा स्टॅक दोन्ही चिपच्या आतल्या एसरॅममध्ये ठेवा. ज्या फांदीवर बसायचं तीच कापायची नाही. आधी डेटाच्या रेषा, एकेक बिट सरकवत. मग पत्त्याच्या रेषा, दोनच्या घातांच्या पत्त्यांवर वेगवेगळ्या खुणा ठेवून. मग सगळ्या मेमरीत प्रत्येक पत्त्यावर तोच पत्ता लिहून, वाचून, उलटा करून पुन्हा. हे सगळं कॅशे बंद ठेवून पास झालं म्हणून खूश होऊ नका. कॅशे बंद असताना व्यवहार एकेका शब्दाचे होतात. बर्स्ट (एका दमात अनेक शब्दांचे व्यवहार) होतात ते कॅशे चालू झाल्यावर, आणि डीडीआरचे बरेच दोष बर्स्टमध्येच तोंड वर काढतात. कॅशे चालू ठेवून तपासताना मात्र भाग कॅशेपेक्षा कितीतरी मोठा घ्या, नाहीतर तुम्ही कॅशेच तपासत बसाल. डीएमए बरोबरीने चालू ठेवा.

सगळ्यात बोलकी चाचणी उलटी असते. वळसा मुद्दाम काढा आणि बिघाड दिसतो का बघा. दिसला, तर तुमची चाचणी खरी आहे. नाही दिसला, तर वळसा लावल्यानंतरची ‘पास’ ही ओळ त्या दोषाबद्दल काहीच सांगत नाही. अशा वेळी रजिस्टर वाचून दाखवणं एवढाच पुरावा हाती राहतो, आणि अहवालात तसंच लिहायचं.

पुढच्या टप्प्याला सांगणं

काही दोष बूटलोडर मिटवू शकत नाही, फक्त कळवू शकतो. रास्पबेरी पाय ४ च्या बीसीएम२७११ मध्ये सुरुवातीच्या स्टेपिंगला (सिलिकॉनच्या आवृत्तीला) ईएमएमसी२ च्या, म्हणजे एसडी कार्डच्या कंट्रोलरच्या, डीएमएला मेमरीचा पहिला १ गिगाबाइटच दिसतो, नंतरच्या सी० स्टेपिंगला ही मर्यादा नाही. फर्मवेअर चिप ओळखतं आणि त्याप्रमाणे डिव्हाइस ट्रीमधली (कर्नलला हार्डवेअर कसं आहे ते सांगणाऱ्या वर्णनातली) डीएमएची मर्यादा लिहितं. कर्नलची प्रतिमा एकच राहते. मेमरीची ठरावीक पानंच त्रासदायक असतील तर ती राखीव म्हणून दाखवा. पीसीच्या जगातही हे चालतं: लिनक्स इंटेलच्या सँडी ब्रिज ग्राफिक्ससाठी पाच पानं कोणालाच वापरू देत नाही, कारण त्या पत्त्यांवर ग्राफिक्सचा भाग अडखळतो.

डिव्हाइस ट्री बूटलोडरने बदलली की ती बदललेली प्रत एकदा सीरियलवर उतरवून वाचा. दुरुस्ती चुकीच्या नोडवर बसली तर कोणीच तक्रार करत नाही.

कोडमधली टीप

टीपेत मी चार गोष्टी लिहिते: दोषाचा क्रमांक, शीटची आवृत्ती, लागू रिव्हिजन, आणि हा कोड याच जागी का आहे. पहिल्या तीन सगळेच लिहितात. चौथी नसली की दोन वर्षांनी कोणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने ते फंक्शन ‘इतर सेटिंग’ या गटात, मेनच्या मधोमध नेऊन ठेवतं. माझ्या रिझ्यूमच्या कोडवर आता अशी टीप आहे: ‘स्टोअर बफरचा वळसा. स्टॅकच्या आधीच. खाली हलवायचा असेल तर आधी झोप-उठ चाचणी रात्रभर लावा.’ तो बोर्ड उठतो तेव्हा सीरियलवर चार ओळी येतात, प्रत्येक कोअरची एक. मागच्या महिन्यात कोणीतरी पॉवरचा कोड बदलला आणि तीनच आल्या. चौथा कोअर नव्या लेबलवरून उठत होता.